बद्रीनाथचा रशियन कॅमेरा

टेबलावर दोन कॅमेरे ठेवले होते आणि खरेदी-विक्री संघाचे संचालक बाजारात मडकं वाजवून बघावं तसे ते बोटांनी ठोकून बघत होते. एकाने रशियन कॅमेरा हातात तोलला आणि जड आहे म्हणजे तोच टिकाऊ, असं जाहीर केलं. कोपऱ्यात उभा असलेला फोटोग्राफर बद्रीनाथ मनात हसला. या मंडळींनी जन्मात पेंड आणि खत याखेरीज काही विकत घेतलं नव्हतं, आणि पेंडही धड पारखून घेतली नव्हती.

सगळ्या बीड शहराबद्दल त्याचं मत असंच होतं. त्याच्या स्टुडिओत येणाऱ्या नवरदेवांना उभं राहता येत नव्हतं, नवऱ्यामुलींना हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं, आणि हे सगळं शहाणपण एकट्या बद्रीनाथकडे होतं. पण बहात्तरच्या दुष्काळात लग्नंच लांबली. स्टुडिओत माशी फिरकेना. चूल पेटत होती ती संघाच्या फोटोंवर: चेअरमन सुंदरराव दुष्काळी मदतीची सुकडी वाटताना, चेअरमन चारा डेपोची फीत कापताना. आता संघाने स्वतःचाच कॅमेरा घ्यायचं ठरवलं होतं. ही टूम चेअरमनच्या पुतण्याची. हा पुतण्या, भारत, औरंगाबादहून दोनदा नापास होऊन परतला होता, आणि येताना कानावर केस घेऊन आला होता.

दोन्ही कॅमेरे हैदराबादच्या व्यापाऱ्याने बघायला पाठवले होते. दोन्हींत लेन्समधून नव्हे, बाजूच्या खिडकीतून बघायचं, माणसाच्या दोन प्रतिमा दिसायच्या, लेन्सचं कडं फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोटो स्पष्ट. फरक एवढाच की जपानी कॅमेरा उजेडाचा हिशेब स्वतःच करायचा. रशियन कॅमेऱ्यात तो हिशेब माणसालाच करावा लागे आणि लेन्सही बदलता येत असे. जपानी हातात घेऊन बद्रीनाथने तो लगेच टेबलावर परत ठेवला. यातून कोणीही फोटो काढू शकला असता. अगदी भारतसुद्धा.

"बद्री, तू सांग, कंचा घ्यावा?" सुंदररावांनी विचारलं.

"जपानी घ्या की आण्णा. झ्याक हाय," बद्रीनाथ म्हणाला. "पन त्याची लेन्स निघत न्हाई. समदं संचालक मंडळ काय त्यात मावायचं न्हाई. दोघं-तिघं बाहीर राहतेल."

संचालकांनी एकमेकांकडे बघितलं. बाहेर राहणारा आपणच, याबद्दल प्रत्येकाची खात्री पटली. रुंद लेन्ससह रशियन कॅमेरा एकमताने मंजूर झाला, आणि तो चालवायचं काम अर्थातच बद्रीनाथकडे आलं. लांबच्या लेन्समध्ये एकटे चेअरमनच येतात असं भारत म्हणाला, तेव्हा सुंदररावांचे डोळे क्षणभर लकाकले. पण सभेत मोठं मन दाखवावं लागतं.

कॅमेऱ्याच्या पेटीत माहितीचा कागद होता, तो रशियन भाषेत. त्यातली एक गोष्ट बद्रीनाथला व्यापाऱ्याने तोंडी सांगितली होती: आधी रोल पुढे घ्यायचा, मगच खटक्याच्या वेगाची चकती फिरवायची. उलट केलं की आतलं यंत्र तुटतं. बद्रीनाथने ती गोष्ट आपल्यापाशीच ठेवली. पेन्शन नसलेल्या माणसाला काहीतरी आधार हवाच.

पुढे पालीच्या तलावाच्या दुष्काळी कामावर मुंबईचे सरकारी साहेब येणार होते. संघाने बद्रीनाथला सकाळीच बोलावलं, तर साहेब पोचल्यावर पोचतो असा उलट निरोप त्याने धाडला. भारतने कपाट उघडून कॅमेरा घेतला आणि आधी चकतीच फिरवली. आत काहीतरी कटकन मोडलं. हैदराबादला फोन लावून कारण कळल्यावर संध्याकाळी तो स्टुडिओत आला.

"तुमाला हे ठावं व्हतं का काका?"

"व्हतं."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"तू इचारलं कवा?"

ती रात्र बद्रीनाथची फार सुखात गेली. आता हात जोडत येतील, असा त्याचा हिशेब होता. सुंदररावांनी मात्र खोट लपवणारा माणूस संघाला नको म्हणून त्याला पायरीवरूनच परत पाठवलं आणि हैदराबादहून तोच जपानी कॅमेरा मागवला. जणू संघाच्या पेंडीत कधी खडा निघालाच नव्हता. अख्खं संचालक मंडळ त्या कॅमेऱ्यात मावलंही. भारत चार पावलं मागे सरकला, एवढंच.

स्टुडिओला कुलूप लागलं. बायको सत्यभामा पालीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. काही दिवसांनी बद्रीनाथही गेला, ओळख पटू नये म्हणून तोंडाला उपरणं गुंडाळून. तिथेही मुकादमाला खडीचा ढीग मोजता येत नाही, असं त्याचं मत झालंच.

एके दिवशी जीप आली. साहेबांना मजुरांचा फोटो हवा होता. भारत कॅमेरा घेऊन थेट बद्रीनाथ आणि सत्यभामेसमोरच येऊन थांबला.

"काका, वर बघा की जरा. संघाच्या हापिसात लावायचाय."

आसपासचे हातोडे थांबले. बद्रीनाथचे कान तापले. भिंतीवर वर संचालक मंडळ, खाली आपण खडी फोडताना. शिवी हासडायला त्याने मान वर केली, आणि त्याला दिसलं: लेन्सवरचं झाकण तसंच होतं. भारत बाजूच्या खिडकीतून बघत होता. त्याला तळं, माणसं, आभाळ, सगळं स्वच्छ दिसत होतं; कॅमेरा मात्र ठार आंधळा होता. आणि तो शहाणा मोठ्या गंभीरपणे दोन प्रतिमा एकावर एक आणत होता.

बद्रीनाथने तोंडावरचं उपरणं सोडलं. सदऱ्याची गुंडी लावली. ताठ बसला. "पदर माघं घे, हनुवटी जरा खाली," तो सत्यभामेला म्हणाला. आजवर गिऱ्हाइकाचा रोल त्याने घरच्या माणसावर कधी वाया घालवला नव्हता. तिने गालावरची धूळ पुसली, त्याच्याजवळ सरकून बसली.

"बरी दिसते का वो मी?"

"लई बेस."

खटका वाजला. भारत साहेबांकडे बघून हसला आणि आणखी एक घेतो म्हणत रोल पुढे सरकवू लागला.

"आपल्याला देतेल का वो एक?" सत्यभामेने हळूच विचारलं. ती अजून तशीच बसली होती, हनुवटी जरा खाली धरून.

बद्रीनाथने त्या काळ्या झाकणाकडे बघितलं. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. त्याने पुन्हा सदरा नीट केला आणि मान ताठ धरली.