काळी चारची पेटी

मित्रांनो, निरवांगीच्या देवळात भजनाला वाजते ती जुनी पेटी मीच. मंडळी म्हणतात, आता ही सुरात आली. ते ऐकले की माझा जीव नुसता चडफडतो.

मी घडले पुण्यात आणि आले बारामतीला, अनसूयाबाईंकडे. त्या गाणे शिकवीत. माझ्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती. तंबोरा नीट जुळला की त्याच्या तारेतून आपोआप गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. माझा गंधार त्याहून किंचित चढा. पेट्या जुळवतातच तशा, सप्तकाचे बारा सारखे भाग करून, म्हणजे कोणत्याही पट्टीला सा धरता येतो. पण गळा असे सारखे भाग मानत नाही. माझ्या दोन पट्ट्यांच्या मध्येही सुरांच्या बारीक जागा असतात, त्यांना श्रुती म्हणतात. बाईंचा गळा नेमका तिथे जाई आणि मी तिथे नसे.

शेवटी त्यांनी माधवराव कारागिरांना बोलावले.

"तंबोऱ्याला जुळवून देतो," माधवराव म्हणाले, "पण मग सा काळी चारचाच, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचाच. दुसरीकडे धरलात तर कानाला टोचेल."

"मी काळी चारमध्येच गाते. करा तुम्ही."

त्यांनी सूर काढणाऱ्या माझ्या पितळी जिभा एकेक करून खरवडल्या. संध्याकाळी बाईंनी गंधार लावला आणि तंबोरा, गळा आणि मी यांचा मिळून एकच सूर झाला. बाई गायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत बसल्या.

पुढे बाईंच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. गाणे बंद पडले. त्यांनी मला निरवांगीच्या भजनी मंडळाला दिले. मला न्यायला आलेल्या, मंडळात पेटी वाजवणाऱ्या दत्तोबांना बजावले, "सा काळी चारचाच धरा बरं का."

"व्हय बाई," दत्तोबा म्हणाले.

पण मंडळाचे बुवा गेणबा गायचे पांढरी चारमध्ये. तिथे सा धरल्यावर माझ्या सुरांचे एकमेकांशी नातेच बदलले. गंधार तर इतका चढला की टाळ थांबले.

"बेसूर हाय पेटी," गेणबा म्हणाले. "मोडकी गळ्यात मारली बाईंनी."

मी काय सांगणार? बोटाने दाबतील तेवढेच मला बोलता येते.

एकदा दत्तोबांची सून कौसल्या गौळण म्हणायला बसली. "आबा, मला वरची पट्टी लागती. अजून जरा वर."

दत्तोबांचे बोट सरकत काळी चारवर आले. कौसल्याला कुणी गाणे शिकवले नव्हते, तरी तिचा गंधार नेमका माझ्या गंधारावर टेकला. मला वाटले, आता तरी यांना कळेल.

"आज ग्वाड वाजली," दत्तोबा म्हणाले.

"एकीसाठी पेटी अडकवून ठिवायची व्हय?" गेणबा म्हणाले. "मग आमी कशावर गायचं?"

त्यांचेही खोटे नव्हते. इंदापूरच्या एका दुकानात मोबाइलवर कंपने मोजून माझे सूर पुन्हा सारख्या अंतरावर आणले. पितळ आणखी पातळ झाले.

आता मी कुणाच्याही पट्टीत चालते. परवा कौसल्या पुन्हा गायला बसली. गंधारावर आली आणि अडखळली. माझ्याकडे पाहून ओशाळली.

"चुकलं माझं," म्हणाली, आणि आपला सूर चढवून तिने माझ्याशी जुळवून घेतला.

मित्रांनो, गंधार तिचाच बरोबर होता. वाद्याला बेसूर म्हणण्याआधी त्याचा सा कुठला ते विचारा. आणि पेटीशी तुमचा सूर जुळला नाही, तर इतक्यात स्वतःची चूक कबूल करू नका.