हिरव्या टोपीवर माझा विश्वास नव्हता

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे, टायरमधली हवा मोजणारा. पितळेचं अंग, गोल काचेचा चेहरा, आत एक काटा आणि खाली वीतभर रबरी नळी, एवढाच माझा संसार. आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. तुम्ही नाक मुरडाल, हा काय स्वभाव झाला! पण मला घडवलंच त्यासाठी. टायर बाहेरून कितीही टुमटुमीत दिसो, माणूस कितीही छातीठोकपणे सांगो की "कालच भरलीय हवा", मी मान डोलावत नाही. आधी व्हॉल्व्हला तोंड लावतो, मग बोलतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसायची. तिच्यापुढे काचेच्या पेटीत एक मोठा गेज होता. आमच्यातल्या प्रत्येकाला ती त्याच्या शेजारी लावून बघायची. आकडा जुळला तरच खोक्यात, नाहीतर डब्यात! माझा जुळला. तिने माझ्या पाठीवर टिचकी मारली, "छान." पुढे कित्येक वर्षं माझी परीक्षा झाली ती तेवढीच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जहाजाच्या पोटात महिनाभर अंधार खाऊन मी बाराओना बंदरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात पोचलो आणि तिथून एवारिस्तोच्या खिशात. एवारिस्तो पंक्चरवाला. समुद्राच्या कड्यावरून शाळेच्या गावाकडे उतरणारा जो रस्ता आहे ना, त्याच्या अगदी तोंडाशी, बदामाच्या झाडाखाली त्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, खांबाला टांगलेला एक जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव, पाण्याची एक अर्धी कापलेली टाकी आणि हवेची घरघरणारी मशीन. सगळे त्याला 'उस्ताद' म्हणत. समोरच मोटरसायकलवाल्यांचा थांबा. प्रत्येकाच्या अंगात नारिंगी जाकीट, पाठीवर नंबर. एका गाडीवर दोन-तीन प्रवासी, वर केळ्यांचा घड, कधी गॅसची टाकी, कधी जिवंत बोकड! एवढं ओझं घेऊन तो उतार उतरायचा म्हणजे मागच्या चाकात छत्तीस पौंड हवा पाहिजेच.

म्हणून रोज सकाळी पहिल्या प्रवाशाआधी सगळ्या गाड्या बदामाखाली रांगेत लागत. मी एकेकाच्या व्हॉल्व्हला तोंड लावी. "चोवीस! काय रे, गाडी चालवतोस की उशी?" एवारिस्तो ओरडे आणि सगळे हसत. माझा शब्द शेवटचा होता. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ते फार म्हणजे फारच आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी एकदा मी त्याच्या हातून निसटलो आणि झाडाच्या मुळावर काच खाली करून आपटलो. काच तडकली नाही. एवारिस्तोने मला शर्टाला पुसलं आणि म्हणाला, "पितळ आहे, याला काय धाड भरलीय!" पण माझ्या पोटात आत काहीतरी सरकलं होतं. त्या दिवसापासून काटा शून्यावर टेकायचा, तो टेकेना. थोडा अलीकडेच थबकायचा. मी गप्प बसलो. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, स्वतःबद्दल मात्र म्हणालो, असेल काहीतरी, होईल बरं.

आणि मग आला वास्कर. राजधानीत चार वर्षं काम करून परतलेला, केस तेल लावून चापून बसवलेले. त्याने थांब्याच्या पलीकडे पत्र्याची एक चकचकीत टपरी टाकली आणि आत उभी केली एक उंच, करडी टाकी. नायट्रोजन! विमानांच्या चाकांत भरतात तो वायू, आता मोटरसायकलीत. आणि भरलेल्या प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हला काळीऐवजी हिरवी टोपी.

"साधी हवा लवकर उतरते, हा सावकाश उतरतो. त्यात पाण्याची वाफही नसते," वास्कर म्हणायचा. "सारखी सारखी तपासायला नको."

मी टपरीकडे बघून मनात म्हटलं, अस्सं! दिसत नाही, वास येत नाही, रंग नाही, आणि वर तपासायचंही नाही? लबाडीची इतकी सोय मी कधी पाहिली नव्हती.

पण थांब्यावर हिरव्या टोपीचं वेड लागलं. मासेवाल्या बायका गाडीवर बसण्याआधी खाली वाकून चाक बघू लागल्या. "हिरवी आहे का तुझी? नाही? मग राहू दे, मी त्या चार नंबरवाल्याबरोबर जाते." तिघांनी तर नायट्रोजन न भरताच नुसत्या टोप्या मिळवून बसवल्या! आणि वास्करच्या "सारखी सारखी नको"चं थांब्यापर्यंत येता येता "कधीच नको" झालं. सगळ्यात पुढे मेलितोन, सात नंबर. डॉमिनोची सोंगटी टेबलावर फाडकन आपटून तो सांगायचा, "टोपी उघडायचीच नाही! रमची बाटली उघडी राहिली की काय होतं? उडते. तसंच हे. वर त्या उस्तादचा गेज लावला की साधी हवा आत शिरते, आणि नायट्रोजन नासतो."

नासतो म्हणे! माझ्या तोंडाने!

हा मेलितोन कोणी परका नव्हता. त्याच्या थोरल्या मुलीचा, एल्पिदियाचा, एवारिस्तो धर्मबाप. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर धरणारा तोच, तिचा 'पाद्रिनो'. पोर चौदा वर्षांची झाली तरी रोज दुकानापुढून जाताना ओरडायची, "आशीर्वाद, पाद्रिनो!" आणि हा हातातली ट्यूब न सोडता म्हणायचा, "देव भलं करो तुझं, पोरी." पण मेलितोनची गाडी पाच आठवडे बदामाखाली आली नव्हती. रोज सकाळी तो दोन्ही मुलींना घेऊन समोरून निघायचा. सहा वर्षांची यानिरी पुढे पेट्रोलच्या टाकीवर, मध्ये तो, मागे एल्पिदिया, दोघींची दप्तरं दोन्ही बाजूंना. आणि थेट तो उतार.

एवारिस्तो मला हातात धरून बघत राहायचा. "रिकाम्या हवेला टोपी घालून विकतोय तो पोरगा," तो पुटपुटायचा. आम्ही दोघं मिळून संशय घ्यायचो. खूप बरं वाटायचं.

मग ती सकाळ आली. मेलितोनने गाडी चालू केली, यानिरीला उचलून टाकीवर ठेवलं आणि मागे वळून म्हणाला, "बस लवकर, साडेसात वाजले."

एल्पिदिया रस्त्यात उभी. दप्तर छातीशी धरलेलं.

"मी नाही बसणार."

"काय?"

"गाडी मागून डुलते, पप्पा. कालही डुलली, परवाही. काल कासवाच्या वळणावर आपण त्या ट्रककडे सरकलो होतो. तुम्हाला मागचं कळत नाही, मागे मी बसते."

"दप्तर जड असेल तुझं."

"दप्तर तेच आहे. हवा तपासा."

थांब्यावर कुणीतरी खिदळलं, "अरे सात नंबर, पोरगी परीक्षा घेतेय तुझी!" मेलितोनचे कान लाल झाले. "त्यात नायट्रोजन आहे, कळतं का? उघडला की गेला."

"पप्पा, आमच्या शास्त्राच्या बाईंनी शिकवलंय. आपल्या आजूबाजूच्या हवेतच शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन असतो. पाद्रिनो इतकी वर्षं तुमच्या चाकात नायट्रोजनच भरत होते! थोडी साधी हवा गेली तर काय नासणार आहे?" आणि मित्रांनो, तिने दप्तर खांद्याला अडकवून यानिरीला सरळ टाकीवरून खाली उतरवलं. "हीपण नाही बसणार."

थांब्यावरचा डॉमिनोचा खेळसुद्धा थांबला. बापाचा हुकूम सगळ्यांसमोर मोडणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. पण तिने दप्तर खाली ठेवलं नाही आणि नजरही.

एवारिस्तो मला घेऊन उठला. "कंपाद्रे," तो म्हणाला. धर्मबाप आणि खरा बाप एकमेकांना असंच हाक मारतात. "पाच आठवडे मी काही बोललो नाही. ही माझीही पोर आहे. बाजूला हो."

हिरवी टोपी फिरली. मी तोंड लावलं. काटा उठला, थोडा चढला, आणि थांबला. एकवीस!

छत्तीस पाहिजेत तिथे एकवीस! काय सांगू तुम्हाला, माझ्या नळीतून आनंदाची शिट्टीच निघायची बाकी होती. पाहिलंत? लबाड नायट्रोजन! लबाड टाकी! लबाड हिरवी टोपी! एवारिस्तोने मला उंच धरून सगळ्या थांब्याला दाखवलं. "बोलवा त्या वास्करला!"

वास्कर टपरीतून धावत आला. चेहरा उतरलेला, पण पळून गेला नाही. "छत्तीस भरले होते, आईशप्पथ. कमी झाले तर गळती असणार. उस्ताद, मी टायरवाला आहे, जादूगार नाही. कधीच तपासू नका असं मी म्हटलं नव्हतं!"

"म्हटलं होतंस!" तीन आवाज.

"सारखी सारखी नको म्हटलं होतं!"

एवारिस्तोने चाक काढून पाण्यात फिरवलं. ट्यूबमधून एकही बुडबुडा नाही. मग त्याने जुन्या पंक्चरवाल्याची युक्ती केली. बोटावर थुंकी घेतली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर लावली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. थुंकीचा एक बारीक फुगा आला, फुगला, फुटला. पुन्हा आला.

"व्हॉल्व्हच्या आतली पिन गळतेय," वास्कर हळू म्हणाला. "ट्यूब कुणी बसवली होती?"

एवारिस्तो आपल्या हाताकडे बघत होता. सहा आठवड्यांपूर्वी, वास्कर गावात येण्याच्या आदल्या शनिवारी, ती ट्यूब त्यानेच बसवली होती, आणि नवी पिन संपली म्हणून जुन्या डब्यातली टाकली होती. वायू बिचारा चांगलाच होता. गळत होतं ते आमच्या दुकानाचं काम. आणि हिरव्या टोपीच्या भरवशावर पाच आठवडे ते कुणी बघितलं नाही.

माझी शिट्टी घशातच राहिली. पण खरी गंमत अजून पुढेच होती.

"हा माझा गेज लावून बघू?" वास्करने खिशातून एक नवा कोरा गेज काढला. "तुमचा फार जुना दिसतो."

अरे! मला जुना म्हणतो? लाव, लाव, बघू दे सगळ्यांना! त्याने लावला. एल्पिदियाने वाकून मोठ्याने वाचलं.

"सतरा."

पुन्हा मी. एकवीस. पुन्हा तो. सतरा. मग वास्करने आपल्या टाकीवरच्या मोठ्या मीटरशी दोघांना ताडून पाहिलं, अगदी त्या चष्मेवाल्या बाईसारखं, आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. एल्पिदियाने मला हातात घेऊन उन्हात तिरका धरला. "पाद्रिनो, हा कुठेच लावलेला नाही, तरी काटा चारावर आहे."

मित्रांनो, मी पितळेचा आहे म्हणून, नाहीतर तिथेच वितळलो असतो. दोन वर्षं! दोन वर्षं मी छत्तीस सांगत होतो आणि चाकात असायचे बत्तीस. मासेवाल्या बायका, शाळेची पोरं, बोकड, सगळे माझ्या चार पौंडांच्या घमेंडीवर बसून तो उतार उतरत होते. मी वायूवर संशय घेतला, टाकीवर घेतला, वास्करच्या तेल लावलेल्या केसांवरसुद्धा घेतला. एका स्वतःवर घ्यायचा तेवढा राहिला.

मेलितोनने मडगार्डवर हात ठेवला. मग तो बोलला, मुलीकडे न बघता. "कासवाच्या वळणावर... मलाही जाणवलं होतं. म्हटलं रस्ता खराब असेल." आणि मग बघून, "पोरी, उद्याही मी ऐकलं नाही तर उद्याही बसू नकोस."

"नाहीच बसणार," ती म्हणाली, आणि मग एकदम रडायलाच लागली.

एवारिस्तोने पाकीट फोडून नवी पिन बसवली. वास्करने विचारलं, वरचे पौंड नायट्रोजनने भरू की हवेने? मेलितोन म्हणाला, "जे जवळ असेल त्याने भर, पण भर!" शाळेत दोघींना उशीर झाला, त्याची चिठ्ठी धर्मबापाने लिहून दिली. त्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता.

वाटलं होतं, आता माझी जागा त्या जुन्या पिनांच्या डब्यात. पण एवारिस्तोने खिळा घेतला आणि माझ्या काचेवर चाराच्या आकड्यासमोर एक ओरखडा काढला. "इथे याचं शून्य," तो म्हणाला. तेव्हापासून मी बदामाला टांगलेला असतो, आणि रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येक गाडीला, टोपी हिरवी असो की काळी, आधी वास्करचा गेज लागतो आणि मग मी. माझ्या आकड्यातून चार वजा करून जुळलं तरच गाडी उताराला. महिन्यातून एकदा आम्हा दोघांनाही टाकीच्या मीटरशी ताडून बघतात. पहिल्यांदा मला फार अपमान वाटला. आता त्या दिवसाची वाट बघतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, मोटरसायकल असेल. चाकात काहीही भरा, पण टोपी उघडून बघा. कुणी म्हणालं "बघायला नको", तर आधी तिथेच बघा. मागे बसणारं माणूस डुलतंय म्हणालं, तर त्याचं ऐका. आणि मी छातीठोकपणे आकडा सांगत असलो, तर मला जरा उन्हात तिरका धरून माझा काटा कुठे टेकलाय तेही बघा.

मी रागावणार नाही.