हिरवी मिशी

बांबूची रवी… रवी कसली, ताकाच्या रवीचं पिल्लूच ते… मम्मीच्या मनगटाखाली वाटीत इतकी भरभर फिरत होती, की तिच्या काड्या दिसेनाशा झाल्या होत्या, नुसता हिरवा फेस वर येत होता. आणि ऋतिकाला वाटलं, इतका हिरवा रंग पिण्याच्या वस्तूला शोभत नाही, हा रंग धुतलेल्या मेथीचा.

"घे. साखर नाही हं घातली. आधी तसाच पिऊन बघ."

बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. साक्रीहून मम्मीचे वडील, नाना. धरणगावहून पप्पांचे मोठे भाऊ, मोतीलाल आबा. आणि पप्पा, जळगावहून तिला गाडीत घेऊन आलेले, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी खांदे कानापर्यंत चढवूनच बसलेले. देवपुरातल्या मम्मीच्या या भाड्याच्या घरात ते पहिल्यांदाच येत होते. बारावीला पोरगी कोणाकडे राहणार, हे ठरवायला बैठक होती, आणि या वेळी पोरीलाच विचारायचं, असं नानांनी फोनवर बजावलं होतं. पोरीला! ऋतिका तेव्हा हवेत होती. वक्तृत्वाची ढाल घरी आणल्यापासून तिला वाटत होतं, आपण तोंड उघडलं की माणसं ऐकतात. वाक्य तयार होतं, आरशासमोर दहादा म्हणून झालं होतं… मी पप्पांकडे राहणार आहे, मम्मी, शनिवार-रविवार मी तुझीच.

मम्मीला रडू येईल. येऊ दे. पप्पांना दुसरं कोण आहे?

तिने घोट घेतला. गवत! जिभेवर आधी सरळ गवत, मग कडू, मग त्या कडूच्या मागून काहीतरी दुधासारखं मऊ… छे, हे आवडायला नको होतं. हे आवडणं म्हणजे चोरी होती. पप्पांची कॉफी… मम्मी वेगळी राहायला गेल्यावर पप्पा कॉफी करायला शिकले. पहाटे पातेलं चढवायचं, दूध उतू जाऊ द्यायचं, वर जायफळ किसायचं ते इतकं, की कॉफीला उपासाच्या खिरीचा वास यायचा. ती कप घेऊन अभ्यासाला बसली, की पप्पा समोरच्या खुर्चीत पेपर उघडायचे आणि पेपराच्या मागे झोपायचे. कॉफीने छातीत ढोलकी वाजायची, तासभर ती राणी असायची, सगळं रसायनशास्त्र तिचं. आणि मग धप्प… दहाच्या क्लासला डोळे मिटायचे. मम्मीचा हा हिरवा माचा तसा नव्हता. तो हळूच चढायचा आणि मुक्कामाला राहायचा. मागच्या खेपेला ती दुपारभर जागी होती, आणि छाती गप्प होती.

"खरं सांग, त्या जळक्या दुधापेक्षा बरा ना?"

"मम्मी, प्लीज."

"अगं, चव विचारतेय फक्त."

चव! या घरात चव विचारायची, त्या घरात पप्पा विचारायचे, 'तिकडे काय पाजते ती तुला, शेवाळं?' दोघांनाही चवीचं काही पडलेलं नव्हतं. वाटी तिच्या हातात होती, पण प्यायला बसले होते ते दोघं.

"छान आहे," ती म्हणाली… आणि वाईट हे, की ते खरं होतं. तिने वाटी रिकामी केली.

"रितू, ये बेटा," नानांची हाक आली.

ती बाहेर गेली, छाती काढून, स्टेजवर जातात तशी. टीपॉयवर पाण्याचे तीन पेले भरलेलेच होते. त्यांच्या भाऊबंदांत बैठकीला आलेला माणूस बैठक असलेल्या घरचं पाणीही तोंडाला लावत नाही. बोलणं मिटलं की मगच चहा. चहा घेतला, की त्या घरचं म्हणणं मान्य. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. फक्त… फक्त माचा त्यात धरतात, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनेच तर पप्पांना शिकवलं होतं: शेवाळं नाही हो पप्पा, चहाचंच पान आहे, दळलेलं, न गाळता पितात एवढंच.

आबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "हाई काय शे वठवर? हिरवी मिशी!"

"माचा आहे, आबा."

"म्हंजे?"

"चहाच," पप्पा म्हणाले. हळू. "चहाच असतो तो, भाऊ."

आबांनी मांडीवर हात मारला. "पोरनी पी लिधं ना? मंग आते काय बोलानं? बठ्ठं मिटनं."

"नाही, आबा, मी प्यायले म्हणून सगळं मिटलं असं नाही—" पण तिने पप्पांकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच अडलं. पप्पा तिच्या ओठाकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे… गाडीत कानापर्यंत चढलेले खांदे खाली उतरत होते. दुःखाने उतरतात तसे? की ओझं काढून ठेवल्यावर उतरतात तसे? तिला ओळखता येईना. सतरा वर्षं हा माणूस पाहिला आणि ओळखता येईना!

"मलाही दे थोडा," पप्पा स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले. मम्मीशी इतक्या दिवसांत बोललेलं हे पहिलं वाक्य.

मम्मीने आणून दिला. पप्पा प्याले, तोंड वाकडं न करता, शेवटपर्यंत.

"बरा आहे. अभ्यासाला चांगला."

इतकं सोपं? भांडायचं तरी… एकदा तरी म्हणायचं, की माझी पोरगी माझ्याकडेच राहील! ती इथे कोणाला वाचवायला आली होती? आणि त्यांना वाचायचंच नसेल तर? पहाटेची ती खुर्ची, तो पेपर… ते सगळं त्यांना जड जात होतं का?

आबांनी पाण्याचा पेला उचलला. नानांनी मात्र हात पुढे केला नाही. "थांबा जरा. बेटा, तुनं मन काय म्हणस, ते सांग."

अजून वेळ होता. एका दमात सांगता आलं असतं. ती पप्पांकडे बघत राहिली… एकदा वर बघा, बस, एकदा… पप्पा रिकाम्या वाटीत बघत होते.

"काही नाही, नाना," ती म्हणाली.

रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. आलं ते वेगळंच, बारीक आणि टणक: आता पप्पांनी स्वतःहून विचारलं तरच मनातलं सांगायचं, नाहीतर कधीच नाही. हा हट्ट मम्मीचा की पप्पांचा, ते तिला कळेना. पण तो आत येऊन ऐसपैस बसला होता, आणि तिने त्याला ऊठ म्हटलं नाही.