बोटभर मागे

शाळेतल्या फळ्याशी माझी गल्लत करू नका, मित्रांनो. मी एक जुना फळा आहे खरा, पण माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. मी एका फुटबॉल क्लबचा फळा. कपडे बदलायच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर माझी सगळी हयात गेली. ओले मोजे आणि दुखऱ्या पायांना चोळायचं मलम, या दोन वासांत मी लहानाचा मोठा झालो. फळ्याने मोठं व्हायचं म्हणजे काय, तर रंग उडायचा.

मला घडवलं क्लबच्या एका खेळाडूच्या मेहुण्याने. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. उरलेला पत्रा त्याने लाकडी चौकटीत ठोकला, हिरवा रंग दिला आणि पांढऱ्या रेघांनी मैदान आखलं. आखताना पट्टी घसरली आणि एका बाजूचा गोल दुसऱ्यापेक्षा चांगलाच रुंद झाला. सगळे फिदीफिदी हसले. आमचे सर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, तेवढे म्हणाले, "असू दे की! रुंद गोल समोरच्यांचा. आपल्याला तिकडेच जायचंय." मग अकरा लाल चकत्या आल्या, प्रत्येकीच्या पाठीला लोहचुंबक. झालं, माझा संसार सुरू झाला.

सरांची एक रीत होती. सामन्याआधी ते खेळ समजावून सांगायचे आणि मग प्रत्येकाने आपली चकती आपल्या हाताने माझ्यावर लावायची. "जिथे चकती लावाल तिथे खेळायचं. फळ्याला दिलेला शब्द मोडायचा नाही," असं ते बजावायचे. पोरं हौसेने चकत्या पुढे पुढे सरकवायची. चार गोल खाऊ पण पाच मारू, हा सरांचा खाक्या. कधी कधी चार खाऊन तीनच मारायचे आणि तोंडं पाडून परत यायचे, नाही असं नाही. पण काय खेळ होता तो! झरोक्यातून लोकांचा आरडाओरडा आत यायचा आणि माझा पत्रा थरथरायचा.

त्या संघात दोन सख्खे भाऊ होते. थोरला पुढच्या फळीत, गोल मारणारा. धाकटा डावीकडचा बचावपटू, पण नुसता नावाला. चेंडू मिळाला की पठ्ठ्या कडेच्या रेघेने जो सुटायचा, तो थेट समोरच्यांच्या गोलापाशी. तिथून उंच चेंडू दादाच्या डोक्यावर. "दादा, घे!" ही आरोळी आधी यायची आणि चेंडू तिच्या मागून. क्लबचे निम्मे गोल असेच व्हायचे.

मग दिवस फिरले. दोन-तीन चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबात गेले आणि आम्ही हरायला लागलो. क्लबचे सेक्रेटरी औषधांचं दुकान चालवायचे. माणूस वाईट नव्हता हो, क्लबवर त्यांचा जीव होता. पण प्रत्येक दुखण्याला त्यांना एकच कारण हवं असायचं. सामना हरलो की पोरांच्या पायांतले बूट निघायच्या आत ते दारात हजर. "गोल कुणामुळे झाला?" मग ज्याच्यावर खापर फुटेल त्याची चकती ते उचलायचे आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात, मैदानाच्या रेघेबाहेर लावायचे. पुढच्या सामन्यापर्यंत ती तिथेच. येणारा जाणारा बघायचा.

सर एकदा म्हणाले, "साहेब, आपण गोल का मारला नाही, हेही विचारा की कधी."

"ते नंतर. आधी गळती थांबवू," सेक्रेटरी म्हणाले. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

एके दिवशी धाकटा नेहमीसारखा वर पळाला. त्याने टाकलेला चेंडू दादाच्या डोक्यावरून निघून गेला, मागची बाजू मोकळी पडली आणि समोरच्यांनी तिथूनच गोल केला. लोकांनी त्या पोराला आईबापांवरून शिव्या घातल्या. संध्याकाळी त्याची चकती कोपऱ्यात गेली. तो दारातून माझ्याकडे बघत उभा राहिला, त्याचे कान लालबुंद झाले होते. जो तो आपली पिशवी भरत होता. दादाही मान खाली घालून बुटाची नाडी सोडत बसला.

पुढच्या सामन्याला धाकट्याने चकती सांगितलेल्या जागी लावली. सरांनी पाठ फिरवल्यावर ती हळूच बोटभर मागे ओढली. पत्र्यावरून ती खरखरत गेलेली मला कळली. शेजारच्यानेही पाहिलं, आणि त्यानेही आपली मागे घेतली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मग ही तर कोवळी पोरं. दर सामन्याला सगळे बोटभर मागे. होता होता दहा चकत्या आमच्याच गोलापुढे दाटीवाटीने बसल्या आणि रुंद गोलापाशी थोरला एकटा उरला. सर घसा फोडून आक्रमण शिकवायचे, पोरं "हो सर, हो सर" करायची. सरांना वाटायचं, पोरांच्या पायांत दम नाही. दम होता हो! कानाला खडा लावला होता सगळ्यांनी. आम्ही एका एका गोलाने हरत राहिलो आणि सेक्रेटरी म्हणायचे, "बघा, आता कमी खातोय."

शेवटचा सामना आला. जिंकलो तरच वरच्या गटात राहणार होतो, नाहीतर खालच्या गटात रवानगी. थोरल्याचा गुडघा कामातून गेला होता आणि हा त्याचा अखेरचा सामना होता. क्लबला वर ठेवून जायचं, एवढीच त्याची इच्छा होती. सर म्हणाले, "आज बरोबरी म्हणजे हारच. कळतंय का?" धाकट्याची चकती त्यांनी स्वतः उचलून वर, दादाच्या जवळ लावली. "आज तू वर जायचंस." त्याने मान डोलावली.

सगळे बाहेर गेले. धाकटा मागे राहिला. त्याने चकतीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी मनात म्हणत होतो, राहू दे रे बाळा, राहू दे तिथेच. त्याने चकती खाली ओढली आणि निघून गेला.

मग मी झरोक्यातून नुसता ऐकत राहिलो. "वर ये! अरे, वर ये ना!" थोरल्याचा आवाज. उत्तरार्धात तो आवाज बसला होता, तरी तो ओरडत होता. शेवटची शिट्टी झाली. गोल कुणाचाच नाही.

गोलकीपर हात उंचावत आत आला. "एकही नाही खाल्ला!" दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, जीव भांड्यात पडला होता बिचाऱ्यांचा. सेक्रेटरी दारात आले, सवयीने म्हणाले, "गोल कुणा..." आणि थांबले. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. टाळ्या थांबल्या.

थोरला बाकावर बसला होता. "मी हात वर करून उभा होतो रे," तो धाकट्याला म्हणाला.

"दिसत होतास, दादा."

"मग?"

"पायच उचलेना. वाटलं, मागे गोल झाला तर..."

"झाला असता तर झाला असता. तसेही खाली गेलोच ना?"

धाकट्याने टॉवेलात तोंड खुपसलं आणि तो हुंदके देऊन रडला. सर माझ्यासमोर आले. वर लावलेली चकती खाली आलेली त्यांनी पाहिली, पण एका शब्दाने कुणाला विचारलं नाही.

सरांना क्लबने काढून टाकलं. थोरला घरी बसला. धाकटा परत खेळलाच नाही. मैदानावरून जायची वेळ आली तरी दुसऱ्या रस्त्याने जातो म्हणे. मी आता सामानाच्या खोलीत, चुन्याच्या पोत्यांमागे पडून आहे. चकत्या गंजल्या आहेत, हलवल्या तरी हलायच्या नाहीत.

मित्रांनो, मला भिंतीवर टांगा, रंग द्या, असं माझं मागणं नाही. तुमच्यातलं कुणी जीव तोडून पुढे पळेल आणि पाठीमागे गोल होईल, तेव्हा कुणामुळे झाला हे विचारायच्या आधी त्याच्या पाठीवर हात ठेवा. आमच्या धाकट्याच्या पाठीवर कुणीच ठेवला नाही. मी सगळ्यांत जवळ होतो, पण मला हात नव्हते.