थांब्यावर शून्य माणसं

"अख्ख्या वॉर्डाला विचारत फिरलास. मला विचारलंस? एकदा तरी?"

ताईनं हे तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा त्याच ताटावरून फडकं फिरवलं. ताट कधीच कोरडं झालं होतं. पण हातात काही नसलं की ताईला नीट भांडता येत नाही, हे तिच्या धाकट्या भावाला लहानपणापासून माहीत होतं.

"ताई, म्हणतोय ना, बघतो मी काहीतरी."

"बघतो हा शब्द तुझ्या लोकांसाठी ठेव. माझ्यासमोर बघतो म्हणायचं नाही."

चौपन्न वर्षांचा माणूस, तीनदा निवडून आलेला नगरसेवक, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होता कसा, तर गृहपाठ विसरून आलेल्या पोरासारखा. बाहेर त्याला सगळे खड्डेभाऊ म्हणायचे. पहिल्या निवडणुकीआधी त्यानं उपनगरातले सगळे खड्डे टेप लावून मोजले होते, एकेकाला नंबर दिला होता, आणि एकशे बाराव्या खड्ड्यात स्वतःच पडून पाय मोडून घेतला होता. लोकांनी माणसाला नाही, प्लास्टरला मत दिलं, असं त्याचे विरोधक म्हणायचे. अगदीच खोटं नव्हतं ते. पण माणूस कामाचा. नळाला पाणी नाही, सांगा खड्डेभाऊला. रस्त्यावरचा दिवा गेला, खड्डेभाऊ. शेजाऱ्याचं कुत्रं रात्रभर भुंकतं, तरी खड्डेभाऊ, जसं काही कुत्रं त्याला विचारूनच भुंकत होतं.

ताई मात्र त्याला छोट्या म्हणायची. तसं म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

भांडण बसवरून होतं. ताईच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी एक थांबा आहे. तिथून सकाळभर एकच गाडी फेऱ्या मारते. आणि उपनगराच्या दुसऱ्या टोकाला, हायवेपलीकडे, नवी वसाहत झालीय. तीनशे घरं, पण गाडी एक नाही. पोरं हायवेच्या कडेकडेनं, ट्रक आला की अंग चोरत शाळेत जातात. हे खड्डेभाऊनं एका सकाळी तिथं उभं राहून बघितलं. गल्लीतली गाडी वसाहतीकडे वळवा म्हणून त्यानं मोहीम काढली. दारोदार फिरून दोन हजार सह्या आणल्या. त्याची पद्धतच होती तशी, सही घ्यायला कधी दुसऱ्याला पाठवायचा नाही. फक्त घरच्यांची सही घ्यायचा नाही, लोक नावं ठेवतात म्हणून. आणि सहीच घ्यायची नाही, तर ताईला विचारायचं तरी कशाला?

वाहतूक समितीचा नियम साधा होता. चालू थांब्यावर सकाळी दहा किंवा जास्त माणसं चढत असतील तर तो बंद करता येत नाही. त्यासाठी एक दिवस मोजणी करायची. तीन आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी दोन माणसं वही घेऊन सात ते बारा थांब्यावर उभी राहिली. वहीत आकडा लिहिला, शून्य. आज तीनला समितीची सभा होती. आता दीड वाजला होता.

"सव्वीस वर्षं मी त्या थांब्यावर उभी राहते," ताई म्हणाली. "आधी नोकरीसाठी, आता ह्यांच्यासाठी. आणि तुझ्या कागदावर मी शून्य."

भावोजी दोन वर्षांपासून शुश्रूषा केंद्रात होते, त्याच गाडीच्या शेवटच्या थांब्यापाशी. त्यांना आता कुणीच ओळखू यायचं नाही. ताईसुद्धा नाही. पण घास फक्त तिच्याच हातून घ्यायचे. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की दात आवळून बसायचे. म्हणून ती रोज साडेदहाच्या गाडीनं जायची आणि भरवून दीडपर्यंत परत यायची. आत्ताही तशीच आली होती. अंगावरचा बाहेरचा कोटही अजून काढला नव्हता. गाडी वळली तर पुढचा थांबा दीड किलोमीटरवर, चढ चढून. आणि ताईचा डावा गुडघा तर घरातल्या घरात कुरकुरायचा.

"मी रोज गाडी पाठवीन की तुला."

"कुणाची?"

"कुणाचीही. कार्यकर्त्यांची."

"निवडणुकीपर्यंत. मग?" ताईनं ताट ठेवलं. "तुझ्या कार्यकर्त्यांना मी ओळखते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीत पेट्रोल नसतं."

एरवी तो हसला असता. ती उठली, फ्रिजवर ठेवलेले दोन कागद घेतले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. एक थांब्यावर चिकटवलेली नोटीस. कोपरे फाटलेले, म्हणजे तिनं ती नखानं ओरबाडून काढली होती. दुसरं त्याचंच प्रचाराचं पत्रक, गुळगुळीत कागदाचं. मोफत नेत्रतपासणी शिबिर यशस्वी, ज्येष्ठांसाठी घरापासून व्हॅनची सोय. खाली फोटो. जुन्या गल्लीतली अकरा म्हातारी माणसं व्हॅनमध्ये बसून कॅमेऱ्याकडे बघत होती. ताई खिडकीपाशी. फोटोखाली बारीक अक्षरात तारीख.

नोटिशीवर मोजणीची तारीख होती. तीच.

"त्या सकाळी थांब्यावर कुणी नव्हतं," ताई म्हणाली, "कारण जे रोज असतात त्यांना तू व्हॅनमध्ये भरून डोळे तपासायला नेलं होतंस."

खड्डेभाऊनं फोटोकडे बघितलंच नाही. त्याला तो पाठ होता. मोजणीची मागणी त्यानं एका महिन्यात केली, शिबिर दुसऱ्या महिन्यात ठरवलं. दोन्ही कामं त्याचीच. दोन्ही एकाच मंगळवारी आली आणि त्याला पत्ता नाही, कारण मोजणीची तारीख समिती कुणालाच सांगत नाही. हे सगळं खरं होतं. शपथ घेऊन सांगितलं असतं त्यानं.

पण नऊ दिवसांपूर्वी, मोजणीचा अहवाल आल्यानंतर, छापखान्यात पत्रक हातात घेतल्यावर त्यानं फोटोखालची तारीख वाचली होती. वाचून जरा थांबला होता. आणि मग म्हणाला होता, "चार हजार छापा."

हे काही कुणी बघितलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"वसाहतीत तीनशे घरं आहेत, ताई. लहान लहान पोरं आहेत. तू एकदा येऊन बघ तो हायवे."

"मी पोरांबद्दल बोलतेय का?"

"अकरा माणसांसाठी मी त्यांना काय सांगू?"

"मला काय माहीत? मी काय नगरसेवक आहे?" ती पुन्हा बसली, गुडघ्यावर हात ठेवून. आवाज न चढवता म्हणाली, "त्या मंगळवारी तुझ्या शिबिरातून सुटायलाच एक वाजला. मी तिकडे पोचले दोनला. हे दाराकडे बघत बसले होते, सकाळपासून उपाशी. नर्स म्हणाली तीनदा ताट फिरवलं. मी तुला सांगितलं नाही. म्हटलं, छोट्याचं शिबिर छान झालं, फोटो छान आलेत, कशाला सांगा."

त्यानं पत्रक पालथं घातलं.

"आणि हे कुणाला सांगणारही नाही मी. गल्लीत कुणाच्या लक्षात आलेलं नाही, सगळे आपापला चेहरा शोधतायत फोटोत. सांगायचं तर तू सांग."

गेले आठ दिवस ताईचा फोन नव्हता. खड्डेभाऊच्या घरी सकाळी चपलांना जागा नसते, एवढी माणसं. अकरापर्यंत सगळी जातात आणि मग खुर्च्या तेवढ्या उरतात. बायको मुलीकडे गेली होती बाळंतपणाला. नातू आता पळायला लागला तरी ती आली नव्हती. फोन दिवसभर वाजतो, पण प्रत्येक फोनमध्ये काहीतरी फुटलेलं, तुंबलेलं किंवा बंद पडलेलं असतं. जेवलास का, हे फक्त ताई विचारायची, रोज रात्री आठला. आठ दिवस आठ वाजले की तो फोन टेबलावर उलटा ठेवायचा. आणि परत सुलटा करायचा.

आत्ता त्यानं तोच फोन खिशातून काढला आणि समितीच्या सचिवांना लावला.

"पान सातवरचा आकडा चुकीचा आहे," तो म्हणाला. "हो, माझ्याच प्रस्तावातला. त्या दिवशी प्रवासी माझ्या शिबिराला होते, मीच नेले होते. अकरा. मला नऊ दिवसांपासून माहीत आहे, तेही लिहून घ्या. नाही, मागे घेत नाही, सभेत उभा राहून सांगतो. मला पहिलं बोलू द्या."

ताईनं त्याच्याकडे बघितलं, पण चेहरा काही सैल झाला नाही तिचा.

मग त्यानं वसाहतीच्या सेक्रेटरी बाईंना लावला. हा फोन सभेनंतरही करता आला असता. पण मग त्यांना दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं असतं.

"भाऊ, बोला," बाई आनंदात होत्या. "आम्ही सगळे येतोय सभेला. पोरांनी तर काल थांब्याची शेड रंगवली, गाडी यायच्या आधीच."

त्यानं सांगितलं. सगळं, छापखान्यासकट. दुसरी गाडी मागतो म्हणाला, उद्यापासून परत सह्या गोळा करतो म्हणाला.

"दुसरी गाडी कधी?"

"दोन वर्षं तरी लागतील."

"दोन वर्षांत माझ्या मुलीची शाळा संपेल, भाऊ." पलीकडे कुणीतरी लहान मूल काहीतरी मागत होतं. "नऊ दिवस आधी बोलला असतात तर रंग तरी वाचला असता. आता मत मागायला आमच्याकडे येऊ नका." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" ताईनं विचारलं.

"मत मागायला येऊ नका."

"बरोबर आहे त्यांचं."

त्याला वाटलं होतं, निदान आता तरी ती जरा त्याच्या बाजूनं बोलेल. गल्लीचा थांबा वाचत होता. ताईची गाडी वाचत होती. पण ती उठली, दोन्ही कागदांची घडी घालून त्याच्या हातात दिली, सभेत लागतील म्हणून, आणि कोटाची बटणं काढायला लागली. पाठ त्याच्याकडे.

"जेवलास का?" तिनं विचारलं. भिंतीला विचारल्यासारखं.

"नाही."

"अर्धा तास थांब, काहीतरी करते."

फोन वाजायला लागला. वसाहतीतला एक नंबर, मग दुसरा, मग तिसरा, एकामागून एक. त्यानं घड्याळ बघितलं. सभागृह इथून पाऊण तास लांब, आणि वसाहतीतली सगळी माणसं आज पहिल्या रांगेत बसणार होती.

"नको, ताई," तो म्हणाला. "मला आता निघायला हवं."