ऐकतंय कोण?

आमच्या फ्लाइंग क्लबची धावपट्टी श्रीरामपूरच्या अलीकडे, उसाच्या मधोमध आहे. टॉवर नाही, कंट्रोलर नाही. त्यामुळे आपण कुठे आहोत, कुठे वळतोय, हे वैमानिकानं रेडिओवर स्वतःच सांगत राहायचं, ऐकणारं कुणी असो वा नसो. आमच्या प्रशिक्षक सुमंत सरांचा हा हट्ट मला भयंकर बावळटपणाचा वाटायचा. आकाशात मी एकटी, मग बडबड कुणाशी करू?

खाली मात्र राहीबाईंच्या शेळ्या असत. गवत कापायचं यंत्र दोन वर्षं बंद, म्हणून क्लबनंच त्यांना चरायला परवानगी दिलेली. थंडीत शेळ्या गवत सोडून तापलेल्या डांबरावर जाऊन बसत. राहीबाईंच्या कमरेला वॉकीटॉकी. विमान पट्टीला समांतर आलं की वैमानिक 'डाउनविंड' म्हणतो. ते ऐकलं की त्या शेळ्या उठवत.

माझ्या पहिल्या सोलोला सर विमानातून उतरले आणि मी एकटीच वर गेले. दोनदा पुढे ढकललेली ही सोलो नीट झाली, तरच लॉगबुकात सही मिळणार होती. मी ऐटीत, तोंड मिटून वळणं घेतली. समोर बघते तर पट्टीवर सत्तावीस शेळ्या निवांत रवंथ करतायत. इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि त्यांच्या डोक्यावरून परत वर गेले. दुसऱ्या फेरीत मात्र मी इतकी बोलले, की श्वास घ्यायला विसरले.

उतरल्यावर सरांनी राहीबाईंना विचारलं, "पहिल्या वेळी ही बोलली होती?"

राहीबाईंनी माझा पडलेला चेहरा पाहिला. "बोलली की सायेब. मीच तंबाखू मळीत हुते."

"माझ्याही हातात रेडिओ होता, राहीबाई." मग सर माझ्याकडे वळले. "प्रणिता, आठवडाभर शेळ्या तू राखायच्या. रेडिओ घेऊन. सहीचं नंतर बघू."

मला रडू आलं आणि सरांचा रागही आला. राहीबाई बांधावर बसून मजेत माझी धावपळ बघायच्या.

पाचव्या दिवशी आमच्या बॅचचा शहाणा राजस त्याच्या पहिल्या सोलोला वर होता. मी त्याच्या डाउनविंडची वाट बघतेय, रेडिओ मुका. मान वर केली तर विमान सरळ माझ्यावरच येतंय. एक करडू काखेत मारलं, बाकीच्यांना काठीनं हुसकलं आणि बटण दाबून ओरडले, "गाढवा, तोंडाला कुलूप लावलंयस का?"

राजस परत वर गेला आणि पुढच्या फेरीत उतरला. सर ऑफिसातून धावत आले. "हा बोलला होता?"

सरांच्या पाठीमागे राजस हात जोडून उभा. राहीबाईंनी मला कोपर मारलं. "म्हन की बोलला. लेकराची सही जाईल."

"नाही बोलला," मी म्हणाले. "उद्यापासून शेळ्या ह्याच्याकडे द्या."

सरांनी माझं लॉगबुक मागितलं.