डोळे मिटणारे महाराज आणि कचऱ्यातला मेल

चहाची सुट्टी संपली तरी संगणक खोलीबाहेरची रांग हलत नव्हती. आत संगणक सांभाळणारे आमचे मेलमहाराज एका हाताने संगणकाचा पडदा झाकत, दुसऱ्याने काहीतरी टिपटिप करत, मग डोळे मिटत आणि हरवलेला मेल हजर करत. लोक हात जोडत. मी जोडत नसे. मी गोदाम सांभाळतो, पोती मोजल्याशिवाय सही करत नाही.

खरं तर महाराजांना मोठं आम्हीच केलं. आमच्या कारखान्यात प्रत्येक मेलचा विषय एकच: 'तातडीचे'. एखादा शोधायला जावं तर दोन हजार 'तातडीचे' अंगावर येत. मग धावा महाराजांकडे.

त्या दिवशी ताई आल्या होत्या, आमच्या सुरक्षा निरीक्षक. परवा बॉयलरच्या वाफेने एक कामगार भाजला. झडप गळतेय हे ताईंनी कळवलंच नाही, असं कारखान्याचे साहेब म्हणत होते. ताईंनी तर फोटोसकट मेल केला होता. तो सापडला नाही तर संध्याकाळी ताईंचं निलंबन.

त्यांनी आपली मेलपेटी उघडून दिली. महाराजांनी विचारलं, "कोणाला पाठवला? कधी? सोबत फोटो होता?" टिपटिप केली, डोळे मिटले. "या पेटीत त्या मेलचा आत्माच नाही. ताई, तो तुम्ही मनातच लिहिलात."

ताईंचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं.

"महाराज, डोळे मिटून दिसतं, तर आधी तीन प्रश्न कशाला?"

"स्पंदनं जुळवावी लागतात."

"मग पडद्यावरचा हात काढा. स्पंदनांना आडोसा कशाला हवा?"

हात निघेना. ताईंनीच तो बाजूला केला. शोधाच्या चौकटीत लिहिलं होतं: 'टू', दोन टिंबं, साहेबांचा पत्ता, 'आफ्टर', दोन टिंबं, तारीख, 'हॅज', दोन टिंबं, 'अटॅचमेंट'. ताईंच्याच तीन उत्तरांचा हा मंत्र: कोणाला, कधीनंतर, सोबत काही जोडलंय का.

शेजारी 'मदत' लिहिलं होतं. ताईंनी ते उघडून मोठ्याने वाचलं, "नेहमीच्या शोधात कचरापेटी येत नाही. तिथलंही हवं असेल तर 'इन', दोन टिंबं, 'एनीव्हेअर' जोडा."

त्यांनी जोडलं. एकच ओळ आली: 'तातडीचे'. आत गळक्या झडपेचा फोटो, अपघाताच्या नऊ दिवस आधीचा.

"हा कचऱ्यात मी टाकला नाही," ताई म्हणाल्या. "काल माझ्या संगणकाचं शुद्धीकरण करायला कोण बसलं होतं?"

महाराजांनी पहिल्यांदाच डोळे नीट उघडले. "साहेबांनी सांगितलं होतं," ते पुटपुटले.

रांगेतले हात एकेक करून खाली आले.

एवढंच सांगतो: कोणी डोळे मिटून उत्तर देऊ लागला, की त्याचे हात बघा. आणि मदतीचं पान स्वतः वाचा, ते सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं.

ताईंनी तो मेल पूर्ण कारखान्याला पाठवला आणि तडक साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"निलंबनाचं पत्र पाठवताय ना, साहेब? विषय नीट लिहा. आता आम्हाला शोधता येतं."